केल्विनची नौका आणि त्याची पेटंट घेतलेली यंत्रं

शिडवाला

केल्विन हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना तापमानाच्या एककामुळे माहीत आहे. पण विल्यम थॉमसन (लॉर्ड केल्विन तो १८९२ मध्ये झाला) हौशी दर्यावर्दीही होता आणि त्याच्या नावावर सत्तरच्या आसपास पेटंटं होती. त्यातल्या जहाजावरच्या यंत्रांबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

माणूस जन्मला बेलफास्टला, १८२४ मध्ये. ग्लासगो विद्यापीठात १८४६ पासून तब्बल ५३ वर्षं प्राध्यापक. अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या केबलमुळे तो प्रसिद्धीला आला. केबलच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा अगदी क्षीण विद्युतप्रवाह ओळखणारी उपकरणं त्याने बनवली आणि पेटंट घेतलं: आरशाचा गॅल्व्हानोमीटर १८५८ मध्ये, सायफन रेकॉर्डर १८६७ मध्ये. त्यातून चांगला पैसा मिळाला. १८७० मध्ये पत्नी मार्गारेट वारली आणि त्याच वर्षी त्याने १२६ टनांची 'लाला रूख' ही शिडाची नौका विकत घेतली. पुढची कित्येक वर्षं उन्हाळा आला की त्याचा मुक्काम या नौकेवर.

इथे मला मुख्य मुद्दा मांडायचा आहे. नौकानयन हा श्रीमंतांचा खेळ, पण थॉमसनने त्या खेळाचीच प्रयोगशाळा केली. १८७१ मध्ये हेल्महोल्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ त्याच्याकडे पाहुणा होता. दोघं नौकेवरून पाण्यावरच्या लाटांचं गणित सोडवत होते आणि थॉमसनने त्याची चक्क शर्यत लावली होती, कोण आधी पुढे जातो याची. वारा पडला की मासे पकडायची दोरी पाण्यात सोडायची आणि तिच्यापुढे उठणाऱ्या बारीक तरंगांचा वेग मोजायचा, हाही त्याच नौकेवरचा उद्योग.

त्याच वर्षी एका मासिकासाठी होकायंत्रावर लेख लिहायला तो बसला. लिहिताना त्याला कळलं की या विषयातलं आपलं ज्ञान तोकडं आहे. पहिला भाग १८७४ मध्ये आला, दुसरा १८७९ मध्ये! मधल्या काळात त्याने होकायंत्रच नव्याने घडवलं आणि १८७६ मध्ये पेटंट घेतलं.

अडचण अशी होती. लाकडी जहाजांच्या जागी लोखंडी जहाजं आली आणि होकायंत्रं फसवू लागली. जहाज बांधताना हातोड्याचे लाखो घाव बसतात, त्या वेळी नाळ (जहाजाचं पुढचं टोक) ज्या दिशेला असेल त्याप्रमाणे लोखंडात कायमचं चुंबकत्व मुरतं. शिवाय पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे मऊ लोखंड तात्पुरतं चुंबक होतं आणि जहाजाचं तोंड वळेल तसं तेही बदलतं. पहिली चूक लहान चुंबक ठेवून मारता येते. दुसरीसाठी होकायंत्राच्या दोन्ही बाजूंना लोखंडाचे तुकडे ठेवायचे. हा इलाज ब्रिटनचे शाही खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३८ मध्येच सांगितला होता. पण तेव्हाच्या होकायंत्रात लांब, जाड सुया असत. त्यांच्यासाठी बाजूचं लोखंड इतकं मोठं लागलं असतं की ते ठेवणंच शक्य नव्हतं.

थॉमसनने सुयाच लहान केल्या. आठ बारीक पोलादी सुया, सर्वांत लांब सव्वातीन इंच, सर्वांत आखूड दोन इंच. त्या रेशमी धाग्यांना समांतर टांगलेल्या. तबकडीला अॅल्युमिनियमची कडा, मधल्या चकतीपासून कडेपर्यंत ताणलेले रेशमाचे धागे, वर पातळ कागद. दहा इंचांची ही तबकडी जेमतेम बारा ग्रॅम भरायची. वजन जवळजवळ सगळं कडेला, म्हणून ती सावकाश डोलायची आणि जहाजाच्या हेलकाव्यांना दाद द्यायची नाही. हलकी असल्यामुळे टेकूच्या टोकावर घर्षणही नगण्य. आणि सुया लहान म्हणून बाजूला दोन लोखंडी गोळे पुरले.

एअरींना हे पटलं नाही. ब्रिटिश नौदलाने ते प्रमाण होकायंत्र म्हणून स्वीकारायला १८८९ उजाडलं. मधल्या काळात व्यापारी जहाजांनी मात्र ते उचलून धरलं.

---

चीफमेट

सुंदर लेख. ते दोन गोळे आजही आहेत. मी व्यापारी जहाजांवर आयुष्य काढलं. व्हीलहाउसच्या वर, ज्याला आम्ही मंकी आयलंड म्हणतो, तिथे बिनॅकल, म्हणजे होकायंत्राचा उभा खांब, असतो. त्याच्या डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवा गोळा, पुढच्या बाजूला उभी फ्लिंडर्स बार (मऊ लोखंडाची कांडी), आणि पोटात दार उघडलं की चुंबकांच्या कांड्या. खाली सुकाणूवरच्या माणसाला तबकडी दिसावी म्हणून आरशांची नळी छतातून खाली आणलेली असते.

नव्या मुलांना वाटतं की जायरो (विजेवर चालणारं होकायंत्र) आला, जीपीएस आलं, आता हे शोभेचं. पण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या जहाजावर चुंबकीय होकायंत्र असावंच लागतं, कारण ते विजेवर अवलंबून नाही. एकदा अरबी समुद्रात, ऐन पावसाळ्यात, आमच्या जहाजाची वीज गेली. इंजिन परत सुरू झालं, पण जायरो स्थिरस्थावर व्हायला तास लागतात. तेवढा वेळ सुकाणूवरचा रत्नागिरीकडचा खलाशी त्या नळीत बघत जहाज हाकत होता. मी शेजारी डेव्हिएशन कार्ड घेऊन उभा. कोणत्या दिशेला तोंड असताना होका किती अंश खोटं बोलतो, त्याचा तो तक्ता. दर पाळीत सूर्याचा किंवा ताऱ्याचा बेअरिंग घेऊन ही चूक वहीत लिहायची शिस्त आहे, ती का आहे हे त्या रात्री सगळ्यांना समजलं.

एक भर घालतो. केल्विनची कोरडी तबकडी पुढे नौदलात टिकली नाही. तोफांच्या हादऱ्यांना आणि लहान वेगवान बोटींच्या थरथरीला द्रवात तरंगणारी तबकडी जास्त चांगली ठरली आणि १९०६ च्या सुमारास ब्रिटिश नौदल तिकडे वळलं. म्हणजे तबकडी गेली, पण चूक मारायची पद्धत राहिली.

---

अनघा_ग्लासगो

मी इथे जवळच राहते. विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात केल्विनच्या उपकरणांचं कायमचं दालन आहे. केल्विन ही मुळात इथल्या नदीची ओळख. विद्यापीठाच्या पायथ्याशी वाहते, तिच्यावरूनच त्याने उपाधी घेतली. केल्विनग्रोव्ह बागेत पुतळाही आहे. मराठी मित्रमंडळी आली की मी आधी तिथे नेते.

थोडं त्याच्या घरचंही सांगते. १८७३ मध्ये ब्राझीलकडे निघालेलं केबलचं जहाज बिघाडामुळे मदेरा बेटावर अडकलं. थॉमसनही त्या जहाजावर होता. तिथे ब्लँडी कुटुंबाशी त्याची ओळख झाली. पुढच्या वर्षी तो स्वतःची नौका घेऊन परत मदेराला गेला आणि फॅनी ब्लँडीला मागणी घातली. जून १८७४ मध्ये लग्न झालं. नौकेचा हा उपयोग धाग्यातून सुटायला नको!

---

शिडवाला

@चीफमेट, अनुभव लिहिलात त्याबद्दल मनापासून आभार. @अनघा, वा!

आता दुसरं यंत्र, खोली मोजायचं. पूर्वी शिशाचं वजन बांधलेली तागाची दोरी सोडायची आणि तळ लागला की किती वाव गेली ते मोजायचं. (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, सुमारे सहा फूट. कोकणात अजून बोलण्यात आहे.) खोल पाण्यात दोरीला पाण्याचाच इतका विरोध होतो की तळ लागल्याचं कळत नाही. थॉमसनने दोरी काढून पियानोची पोलादी तार लावली. जून १८७२ मध्ये बिस्केच्या उपसागरात, याच 'लाला रूख'वरून, तीस पौंडांचं वजन बांधून त्याने २७०० वाव खोलीवर तळ गाठला. म्हणजे जवळपास पाच किलोमीटर!

पण मला जास्त आवडतं ते त्यातून निघालेलं रोजच्या वापराचं यंत्र. त्याचं पेटंट १८७६ चंच. जहाज न थांबवता, सोळा नॉट वेगाने धावत असतानाही शंभर वावांपर्यंतची खोली त्याने मोजता येत होती. जहाज धावतंय म्हणजे तार तिरकी जाणार, मग किती तार सुटली यावरून खोली कशी कळेल? म्हणून त्याने खोली तारेवरून मोजलीच नाही. वजनाजवळ एक काचेची नळी बांधली. वरचं तोंड बंद, खालचं उघडं, आतून सिल्व्हर क्रोमेटचा तांबूस लेप. खाली जाईल तसा दाब वाढतो, आतली हवा आकसते आणि समुद्राचं पाणी वर चढतं. खारं पाणी लागलं तिथपर्यंत लेप पांढरा होतो. नळी वर आणायची, मोजपट्टीला लावायची, खोली वाचायची.

---

गणितवेडी

हे बॉइलच्या नियमाचं किती देखणं रूप आहे! नळी ६० सेंटीमीटरची धरा. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणजे हवेचा स्तंभ ३० सेंमी उरला. तीस मीटरवर १५ सेंमी. नव्वद मीटरवर फक्त ६. म्हणजे खोल जाऊ तशा खुणा एकमेकींना चिकटत जातात. पण जहाजाला धोका उथळ पाण्यात असतो, आणि ही नळी नेमकी उथळातच सर्वांत बारकाईने मोजते. धुक्यात किनाऱ्याकडे जाणाऱ्या कप्तानाला आणखी काय हवं!

---

विहंग

माहिती उत्तम आहे, पण एक गोष्ट खटकते. प्राध्यापकाने, तेही विद्यापीठाचा पगार घेऊन, जीव वाचवणाऱ्या यंत्रांवर पेटंट घ्यावं का? त्याच काळात आपले जगदीशचंद्र बोस पेटंटच्या विरोधात होते. त्यांनी आपली उपकरणं उघडपणे दाखवली. मला त्यांची भूमिका मोठी वाटते.

---

शिडवाला

@विहंग, प्रश्न रास्त आहे. बोस यांच्याबद्दल मलाही अतोनात आदर आहे, आणि केल्विनलाही होता. बोस १८९६-९७ मध्ये इंग्लंडला गेले तेव्हा त्यांच्या कामाचं कौतुक करणाऱ्यांत केल्विन पुढे होता. बोस यांच्या नावावरही एक अमेरिकन पेटंट आहे, १९०४ चं, विद्युतलहरी ओळखणाऱ्या गॅलेना स्फटिकाच्या उपकरणाचं. सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहाखातर त्यांनी ते घेतलं आणि पुढे तसंच सोडून दिलं.

पण दोघांच्या वस्तूंमध्ये फरक आहे असं मला वाटतं. बोस यांचं उपकरण प्रयोगशाळेतलं, दुसऱ्या शास्त्रज्ञाने पाहून पुढे न्यावं असं. होकायंत्र मात्र वाईट बनवलं तर जहाज खडकावर जातं. टेकूचं टोक इरिडियमचं, टोपी नीलमण्याची, प्रत्येक धागा सारख्या ताणाचा. ग्लासगोच्या जेम्स व्हाइट यांच्या कारखान्यात हे काम चालायचं आणि थॉमसन तिथे स्वतः लक्ष घालायचा. पेटंट हातात असल्यामुळे कोण बनवणार आणि कसं बनवणार हे त्याला ठरवता आलं. नक्कल करणाऱ्यांना त्याने कोर्टात खेचलं ते मला त्यामुळेच योग्य वाटतं.

---

विहंग

दर्जाचा मुद्दा पटतो. पण मग त्याचं श्रेय पेटंटला का? ते काम सरकारी तपासणीनेही झालं असतं. आणि किंमत वाढली की लहान जहाजं जुन्याच होक्यावर चालतात. जीव तर त्यांचेही जातात.

---

चीफमेट

सरकारी तपासणीवाल्यांनीच तेरा वर्षं लावली ना हो! व्यापारी कप्तानांनी यंत्र पारखलं आणि खिशातून पैसे मोजले. नौदलातही त्याला उचलून धरणारा होता तो जॅकी फिशर. १८८२ मध्ये अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या गेल्या तेव्हा तो 'इन्फ्लेक्सिबल' युद्धनौकेचा कप्तान होता. होकायंत्र त्या माऱ्यातही टिकल्याचं त्याने सांगितलं. पण लहान जहाजांबद्दल विहंग म्हणतात ते खरं आहे. त्यांच्यापर्यंत चांगली वस्तू नेहमीच उशिरा पोचते, आजही.

केल्विनच्या कारखान्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. वेगवेगळ्या कंपन्या जोडल्या जात १९४७ मध्ये केल्विन ह्यूज झाली. आमच्या पिढीने त्या नावाचे रडार वापरले. पडद्याखाली 'केल्विन' वाचून कोणाला तापमान आठवायचं नाही!

---

दर्याकिनारी

मी गेटवेजवळ काम करते, म्हणून विचारते. केल्विनचा मुंबईशी काही संबंध आहे का? भरतीच्या यंत्राबद्दल कुठेतरी ऐकलं होतं.

---

गणितवेडी

आहे, आणि थेट आहे. हा माझा आवडता विषय, म्हणून सविस्तर लिहिते.

भरती-ओहोटी ही अनेक लयींची बेरीज आहे. चंद्राची मुख्य लय १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची बरोबर १२ तासांची. दोन्ही एका तालात आल्या की उधाण, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. एकमेकींच्या उलट गेल्या की भांग, अष्टमीच्या सुमारास. याखेरीज चंद्र जवळ-दूर होण्याच्या, उत्तरेला-दक्षिणेला सरकण्याच्या अशा कितीतरी लहान लयी. एका बंदराची वर्षभराची भरती हाताने काढायची तर माणसं आकडेमोडीत बुडून जातील.

थॉमसनने बेरीज करायला चाकं लावली. प्रत्येक लयीला एक चाक, त्यावर वरखाली होणारी एक कप्पी. एकच तार सगळ्या कप्प्यांवरून ओवलेली, एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकाला लेखणी. मूठ फिरवली की सगळ्या कप्प्या आपापल्या लयीत नाचतात, तार त्यांची बेरीज करते आणि लेखणी कागदावर भरतीची रेघ काढते. वर्षभराची भरती साधारण चार तासांत! एकाच तारेने बेरीज करायची ही कल्पना त्याला ब्यूशँप टॉवर या इंजिनिअरने १८७२ मध्ये ब्रायटनच्या परिषदेला जाताना आगगाडीत सुचवली. श्रेयावरून पुढे वादही झाले, कारण एडवर्ड रॉबर्ट्स याने गणिताचा मोठा भाग केला होता.

आता मुंबई. पहिलं यंत्र दहा लयींचं होतं. पुढचं मोठं यंत्र १८७९ मध्ये रॉबर्ट्सच्या देखरेखीखाली लेजे कंपनीने बनवलं, वीस लयींचं, आणि ते बनवलं हिंदुस्थान सरकारसाठी. त्या काळात सर्व्हे ऑफ इंडियाचे कॅप्टन बेअर्ड किनाऱ्यावर भरतीमापक बसवत होते, त्यात मुंबईचं अपोलो बंदरही होतं. इथली मोजमापं लंडनला जायची, तिथे यंत्र चालायचं आणि छापील तक्ते परत यायचे. भारतातल्या बंदरांचे भरतीचे तक्ते आजही सर्व्हे ऑफ इंडियाच प्रसिद्ध करते.

---

दर्याकिनारी

हे माहीतच नव्हतं! आमच्या ऑफिसात मासेमारी बोटींचे तांडेल येतात. अमावास्येला किती वाजता पाणी भरणार हे त्यांना तक्ता न बघता येतं. त्यांचा हिशेब तिथीवर. पण पाणी नक्की किती फूट चढणार, हे मोठ्या जहाजांच्या पायलटला तक्त्यावरूनच लागतं.

---

माधव_मडगाव

खेळ आणि होकायंत्र हा धागा गोव्यापर्यंत ओढतो. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'म्हादेई' नौका आमच्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. 'तारिणी' ही नौकाही तिथलीच. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' गोव्यातच झाली. त्या शर्यतीत जीपीएस बंद. सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं साधन), कागदी नकाशे आणि चुंबकीय होकायंत्र, एवढंच. 'थुरिया' ज्या 'सुहेली'वर बेतलेली, ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची नौका मुंबईत कुलाब्याला सागवानात बांधलेली. तिच्यावरून त्यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिलेच.

आणि हौशी दर्यावर्दी शास्त्रज्ञांबद्दल बोलतोय तर जी. आय. टेलर यांना विसरू नका. द्रवगतिकीतला दिग्गज. सुट्टीत 'फ्रॉलिक' या नौकेतून १९२७ मध्ये नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपर्यंत जाऊन आला. जुन्या नांगराचा एक दात नेहमी वर राहतो आणि त्यात साखळी अडकते, शिवाय वजन भारी. टेलरने शेतातल्या नांगराच्या फाळासारखा, बिजागरी असलेला नौकेचा नांगर काढला आणि १९३३ मध्ये पेटंट घेतलं. समुद्री विमानांना हलका नांगर लागायचा, त्यांनाही तो चालला. सीक्यूआर म्हणून तो आजही नौकांवर दिसतो. टेलरची आजी मेरी एव्हरेस्ट, सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी.

---

शिडवाला

@माधव, टेलरचं उदाहरण अगदी नेमकं. तिथेही आधी हौसेची नौका आणि मग पेटंट. स्वतःचा नांगर रात्री घसरला की माणूस त्याचा विचार वेगळ्याच तळमळीने करतो. @विहंग, मला वाटतं केल्विनच्या बाजूने हेच सर्वांत मोठं बोलणं आहे. त्याने जे विकलं ते आधी स्वतःच्या नौकेवर, स्वतःच्या भरवशावर वापरलं.

---

विहंग

हे मान्य. पेटंटबद्दल माझं मत तेच आहे, पण माणसाबद्दल आदर वाढला.

---

सर_ज्ञानप्रभा

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. भरतीचं यंत्र मुलांकडून बनवून घ्यायची फार इच्छा आहे. सूर्य आणि चंद्र, फक्त दोन लयी. दातांची चाकं किती दात्यांची घ्यावी?

---

गणितवेडी

सर, जरूर करा! सूर्याचं चाक ५७ दात्यांचं आणि त्याला लागून चंद्राचं ५९ दात्यांचं घ्या. सूर्याचा फेरा १२ तास धरला तर चंद्राचा १२ × ५९ ÷ ५७, म्हणजे १२.४२१ तास येतो. वर्षभर चालवलंत तरी चूक अर्ध्या तासाच्या आतच राहील. असे दाते मिळाले नाहीत तर २९ आणि ३० चालतील, महिन्याला साधारण पंचवीस मिनिटांचा फरक पडेल, शाळेला पुरे.

मुंबईची भरती हवी असेल तर चंद्राच्या कप्पीचं वरखाली सरकणं सूर्याच्या अडीचपट ठेवा. एक ध्यानात असू द्या, कप्पी एक सेंटीमीटर सरकली की तार दोन सेंटीमीटर सरकते, म्हणून कागदाची उंची दुप्पट धरा. तार म्हणून मासेमारीचा नायलॉन दोरा वापरा पण त्याला खाली थोडं वजन लटकवा, नाहीतर तो ढिला पडून रेघ तुटते. दोन चाकांवर उधाण आणि भांग स्पष्ट उमटतील. ते जमलं की २३ तास ५६ मिनिटांचं तिसरं चाक जोडा. मुंबईत दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या का नसतात, ते मुलांना कागदावरच दिसेल. आराखडा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी काढून पाठवते.